बायकावणे : वाक्यात उपयोग करा

खोली बघायला गेले त्या दिवशी गुरुजींनी मला भाड्याबद्दल, गावाबद्दल, जातीबद्दल काहीही विचारलं नाही. दारात उभं राहून त्यांनी एकदम म्हटलं, "सिस्टर, 'बायकावणे' ह्या क्रियापदाचा वाक्यात उपयोग करा."

मी हातात बॅग घेऊन तशीच उभी. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून मी आठवड्यापूर्वीच रुजू झाले होते, आणि पांढुर्ण्याहून रोज ये-जा जमत नव्हती म्हणून खोली शोधत होते. मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट असावा.

"येत नाही, गुरुजी."

"येतं. विचार करा."

आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला, "अवो, तिले पानी तर पिऊ द्या आधी. परीक्षा मंग घ्या."

गुरुजी रिटायर होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आयुष्यभर त्यांनी मराठी शिकवली, तीही अशा राज्यात जिथे सरकारी कागद हिंदीत येतो आणि दुकानांच्या पाट्याही हिंदीत असतात. शाळा सुटली तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचाच. बसस्टँडवर एखादी मराठी पाटी चुकीची दिसली की इकडेतिकडे बघून हळूच दुरुस्त करायचे आणि कोणी ओरडेल म्हणून भराभर निघून जायचे.

कारण गुरुजी अतिशय भित्रे होते. दाराला त्यांनी तीन कड्या बसवल्या होत्या. प्यायचं पाणी दोनदा उकळायचे. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो वाजत असतानाच काकूंच्या हातात देऊन आतल्या खोलीत जायचे. ढग गडगडले की पलंगावरून उठून घराच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचे आणि मला वरच्या खोलीतून खाली बोलवायचे, "सिस्टर, तुम्हाला भीती वाटत असेल, खाली या."

त्यांची भीती ओळखायची एक खूण मला लवकरच सापडली. एरवी ते पुस्तकासारखं शुद्ध बोलायचे. काकूंच्या बोलण्यातले 'मले', 'तुले'सुद्धा सुधारायला बघायचे, आणि काकू ऐकायच्या नाहीत. पण गुरुजी घाबरले की त्यांची ती इस्त्रीची मराठी गळून पडायची आणि आतून आईच्या तोंडची वऱ्हाडी बाहेर यायची. "काहून? कोन हाय? काय झालं?" असं त्यांनी विचारलं की समजायचं, छाती धडधडून राहिली आहे.

ह्या भागातले शब्द ते गोळा करायचे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी कार्डं केली होती आणि ती संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांमध्ये भरून ठेवली होती. प्रत्येक कार्डावर शब्द, त्याचा अर्थ, तो कोणी उच्चारला त्याचं नाव आणि वाक्यात उपयोग. सुवाच्य अक्षर, खाली रेघ. फक्त 'बायकावणे'ची कार्डं त्या पेट्यांमध्ये नव्हती. ती त्यांच्या उशीखाली असायची, आणि अर्थाची जागा कोरी होती.

तो शब्द ते ज्याला त्याला विचारायचे. न्हाव्याच्या दुकानात एकजण म्हणाला होता, "तो पोट्टा पार बायकावला, बायकोले इचारल्याबिगर चहाबी पीत नाही." ते वाक्य लिहून आणलं आणि दोन दिवस गुरुजी घराबाहेर पडले नाहीत. रामाकोन्याकडची एक बाई संत्र्याच्या तोडणीला यायची, ती काकूंकडे पाणी प्यायला थांबली तर तिलाही विचारलं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आमच्या बांदावरची पपई होती ना गुरुजी, नर होती. नुस्ता फुलोरा. तोडाले निंगालो होतो. यंदा बायकावली, टोपलेभर पपया निंगाल्या."

"म्हणजे ते चांगलं झालं?" गुरुजींनी विचारलं.

"चांगलंच नं. तोडायची वाचली."

गुरुजींनी हे वाक्य तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. ती हसत हसत गेली. मलाही तेव्हा हसू आलं होतं.

महिन्याभरानं मीही माझं वाक्य दिलं. तोवर ते मला आठवलं होतं, म्हणजे खरं तर कधी विसरलेच नव्हते. मी तेरा वर्षांची असताना माझी आई बापाला म्हणाली होती, "पोरगी बायकावली, आता तिले एकटीले वावरात धाडत जाऊ नका." त्या दिवसापर्यंत मी नाल्यापलीकडे, बोरीच्या झाडांपर्यंत एकटी हुंदडायची. दुसऱ्या दिवशीपासून बंद. आपल्याला नेमकं काय झालं हे मला कोणी सांगितलं नाही, फक्त आता कोणीतरी आपल्या मागे लागणार आहे एवढं कळलं.

गुरुजी लिहिता लिहिता थांबले. "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"भेव वाटलं, गुरुजी."

त्यांनी मान हलवली. वर बघितलंच नाही.

काकू दर शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जायच्या. अशाच एका शनिवारी मी ड्यूटीवरून आले, तर गुरुजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. मला बघून उठले आणि म्हणाले, "सिस्टर, एक कागद हाय. वाचून द्या मले."

ती वऱ्हाडी ऐकूनच मी बॅग पायरीवर टाकली आणि कागद घेतला.

कागद नागपूरच्या डॉक्टरचा होता, सहा महिन्यांपूर्वीचा. घडी घालून घालून मधोमध फाटायला आलेला. गुरुजींना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. हाडांपर्यंत नुकता कुठे पोचत होता. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन घ्या, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. एकही घेतलेलं नव्हतं.

"सहा महिने, गुरुजी? सहा महिने हे खिशात ठेवलं तुम्ही?"

"मी डॉक्टरले इचारलं, ह्यानं काय होते? तो म्हणाला, पुरुषाचा जो हार्मोन असते त्याच्यावर हा रोग पोसते. तो हार्मोन बंद करायचा. मंग अंगातून वाफा निघतीन, छाती थोडी भरीन, दाढी कमी येईन. रडू येईन. हसून सांगितलं त्यानं. बायकांसारखं होते थोडं, म्हणाला, घाबरू नका." गुरुजींनी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. "मी तसाच उठून आलो."

तेव्हा मला कळलं की तो शब्द ते कोशासाठी गोळा करत नव्हते. आपलं काय होणार आहे, हे ते गावाला विचारत फिरत होते.

"मरणाची भीती नाही वाटत?" मी जरा रागानंच विचारलं.

"वाटते. लय वाटते. पन मेलेल्या माणसाले कोनी चिडवत नाही, सिस्टर."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात त्यांचा एक विद्यार्थी होता. आवाज मऊ, अक्षर सुरेख, कविता वाचताना हात नाचवायचा. एकदा वाचता वाचता त्याला रडू फुटलं. गुरुजींना काय झालं कोण जाणे, ते म्हणाले, "बायकावला का रे तू?" वर्ग हसला. वर्ग हसला म्हणून गुरुजींनी ते पुन्हा म्हटलं. नंतर तो शब्द त्या पोराला चिकटला. शाळेच्या भिंतीवर लिहिला गेला, नळावर, बसस्टँडवर त्याच्या मागे ओरडला गेला. परीक्षेच्या आधीच त्यानं शाळा सोडली.

"तो आता कुठे आहे?"

"नागपूरच्या बसवर कंडक्टर हाय. सकाळच्या. मी त्या बसमंधी कधी बसत नाही." त्यांनी खिशातला खडू चाचपला. "माह्याच तोंडचा शब्द माह्याच अंगावर येऊन राहिला."

मी त्यांची समजूत घातली नाही. समजुतीनं ते ऐकले नसते. मी त्यांना घाबरवलं. आमच्या वॉर्डात पाहिलेला एक माणूस सांगितला, ज्याचा हाच रोग मणक्यात उतरला होता, ज्याला कूस बदलायलाही दोन माणसं लागायची आणि जो पोराबाळांसमोर ओरडायचा. सगळं खरं होतं, पण मी ते मोठ्या आवाजात, एकेक करून सांगितलं. गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला. भित्र्या माणसाला आणखी मोठी भीती दाखवून मी कबूल करवलं, ह्याचं मला आजही बरं वाटत नाही.

त्यांची अट एकच होती. इंजेक्शन घरात, दार लावून, काकू जामसांवलीला गेल्यावर. कंपाउंडर नको, दवाखाना नको. नागपूरला जाऊन त्यांनी डॉक्टरांचा नवा कागद आणला आणि मी बर्फाच्या डब्यातून औषध आणलं. पहिलं इंजेक्शन तसं पार पडलं. बनियन वर करून ते भिंतीकडे तोंड करून बसले, मी पोटाच्या कातडीखाली सुई दिली. सगळं मिळून पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांत तीन कड्या लावलेल्या त्या घरात मला माझीच भीती वाटली. मी एकटी राहणारी बाई, आत म्हातारा मालक, दार बंद. शेजारच्या कोणी बघितलं असतं तर माझ्यासाठीही गावाकडे एखादा शब्द तयारच असता.

दीड महिन्यानं वाफा सुरू झाल्या. ऐन थंडीत, ताटावर बसलेले असताना गुरुजींच्या कपाळावर घाम फुटायचा, मान लाल व्हायची, ते स्वेटर ओढून काढायचे आणि पाच मिनिटांनी थरथरत पुन्हा घालायचे. रेडिओवर भजन लागलं तरी डोळे भरायचे. छाती भरलेली दिसू नये म्हणून दोन शर्ट एकावर एक घालायला लागले. न्हाव्याकडे जाणं बंद झालं. काकू नुसत्या बघायच्या, आणि त्यांचं ते बघणं मला सोसवत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना वेगळाच संशय आला आहे.

दुसऱ्या इंजेक्शनचा शनिवार. काकू सकाळीच निघाल्या होत्या. गुरुजींनी कड्या लावल्या, शर्ट काढले, बनियन वर केली. मी सिरिंज हातात घेतली आणि दारावर थाप पडली.

"कोन हाय?" गुरुजी इतक्या बारीक आवाजात म्हणाले की तो मलाही कसाबसा ऐकू आला.

"मी हाओ. दार उघडा."

काकू. गुरुजी भिंतीला चिकटले. त्यांनी मला खुणेनं मागच्या दारानं जायला सांगितलं, पण मागचं दार शेजाऱ्यांच्या अंगणात उघडायचं आणि तिथे बायका गहू निवडत बसल्या होत्या. पुन्हा थाप पडली. आता पळाले तर जे नाही तेच खरं ठरेल, एवढं एकच मला सुचलं. मी सिरिंज हातात तशीच धरून एकेक करत तिन्ही कड्या काढल्या.

काकू आत आल्या. नुसत्या बनियनवरचे गुरुजी बघितले, मला बघितलं, सुई बघितली. मागे वळून स्वतःच दार लावलं. मग माझा दंड धरला. त्यांचा हात गार पडला होता.

"सिस्टर, खरं सांग. ह्यायचे किती दिवस राह्यले?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. "तसं नाही काकू. हे जगायचंच औषध आहे."

काकू खाली बसल्या. पदर तोंडाला लावून त्या एवढ्या जोरात रडल्या की गुरुजी नुसत्या बनियनवर तसेच त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. "मी आज गेलीच नाही जामसांवलीले," त्या म्हणाल्या. "बसमंधी बसली अन् उतरून आली. दीड महिन्यापासून देवापुढं उभी राहून राहिली मी, काय मागावं तेच समजेना. कोनाले काय झालं ते तर कोनी सांगावं मले! मले वाटे, हे मरून राह्यले अन् मले पत्ता लागू देत नाही."

मग गुरुजींनी सांगितलं. रोग सांगताना आवाज फारसा हलला नाही. इंजेक्शनानं काय होतं ते सांगताना मात्र अडखळले. वाफा, छाती, रडणं. शेवटी म्हणाले, "मी बायकावून राहिलो." आणि जमिनीकडे बघत राहिले.

काकूंनी डोळे पुसले. मला वाटलं आता त्या धीर देतील. त्यांना राग आला होता.

"अशा वाफा मले पाच वर्सं आल्या," त्या म्हणाल्या. "चुलीपुढं बसून पोया करता करता अंगाची आग होये. तुमी पाहत होते. म्हनत, हिची चिडचिड वाढली. मी कोनाले सांगितलं? कोनी इचारलं मले?"

गुरुजींनी काढलेला शर्ट उचलून छातीशी धरला.

"बाईसारखं होऊन राह्यलं म्हनून भेता तुमी. मी तर बाईच हाओ. एवढे वर्सं तुमच्या घरात बाई म्हनूनच राह्यली. एवढं वाईट असते काय ते?"

त्या खोलीत मी सुई घेऊन उभी होते. काकूच उठल्या. गुरुजींचा दंड धरून त्यांना खाटेवर बसवलं, बनियन वर धरली आणि मला म्हणाल्या, "दे, सिस्टर. मी धरून ठेवतो." नंतर वाफ आली की काय करायचं हे त्यांनीच गुरुजींना शिकवलं. मानेवर ओला पंचा, माठातलं पाणी घोट घोट, आणि ती जाईपर्यंत कोणाशी भांडायचं नाही.

त्यानंतर गुरुजी पाच वर्षं जगले. गेले ते दुसऱ्याच आजारानं, आठ दिवसांच्या तापानं. तोवर माझी बदली पांढुर्ण्याला झाली होती. शूर ते कधीच झाले नाहीत. कड्या तीनच्या तीन राहिल्या, आणि दर इंजेक्शनाच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन यायचा की ह्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. पण त्या पाच वर्षांतली एक सकाळ मी सांगितली नाही तर गुरुजी नुसतेच भित्रे वाटतील.

तिसऱ्या इंजेक्शनाआधी नागपूरला तपासणीला जायचं होतं. काकूंचा गुडघा सुजला होता म्हणून मी रजा घेऊन सोबत निघाले. बसस्टँडवर सकाळची बस लागली. त्यांची सवय ठाऊक होती म्हणून मी म्हटलं, "पुढची घेऊ, गुरुजी."

"नाही," ते म्हणाले. "हीच." आणि दांडी धरून चढले.

आम्ही मधल्या सीटवर बसलो. कंडक्टर चाळिशीचा, उंच, तेल लावून केस चापून बसवलेले. मागून तिकिटं फाडत फाडत पुढे येत होता. त्याचा आवाज अजूनही मऊच होता. तो दोन सीट मागे आला तेव्हा गुरुजींना वाफ आली. घाम कपाळावरून चष्म्यावर ओघळला. मी ओला पंचा पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. उठून उभे राहिले. बस वळणावर होती, मी मागून त्यांचा शर्ट धरला.

"मी तुला आठवीला शिकवत होतो," ते म्हणाले. सुरुवात शुद्ध होती. "एक दिवस वर्गात मी तुला एक शब्द बोललो होतो. तो मी..." इथे ती मराठी संपली. "चुकलं माह्यं, बेटा. लय चुकलं. माफी मागाले आलो."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. कंडक्टरनं तिकिटांचा गठ्ठा बोटांत घट्ट धरला. तो काय बोलेल ह्याची मलाही तेवढीच भीती वाटली. सगळ्या बससमोर त्यानं तोच शब्द उलटा फेकला असता तर?

"मी इसरलो नाही, गुरुजी," तो हळू म्हणाला. "माफ करनं जमन की नाही, ते मले आज सांगता येत नाही."

गुरुजींनी मान हलवली. खाली बसायलाही त्यांना सुचेना.

कंडक्टरनं त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम बघितला, माझ्या हातातला पंचा आणि दवाखान्याची फाईल बघितली. मग पुढे वळून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरच्या दोन तरुणांना उठवलं.

"इथं या," तो म्हणाला. "पुढं हवा लय लागते."

त्यानं गुरुजींचा कोपर धरून त्यांना पुढे नेलं, खिडकीपाशी बसवलं, काच अर्धी खाली केली आणि आमची दोन तिकिटं फाडून माझ्या हातात दिली. नागपूर येईपर्यंत तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. सावनेरपर्यंत गुरुजी रडत होते, उघडपणे, पंच्यानं तोंड न झाकता.